दोन मडकी आणि ओली वाळू
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे झालेले भाषण)



चिटणीससाहेबांनी मला विषय दिला होता 'स्वावलंबी घर'. विषय मोठा आणि वेळ थोडा, म्हणून सगळे घर न सांगता त्यातली एकच वस्तू मी बरोबर आणली आहे. ती समोर टेबलावर आहे. वक्त्याला पिण्याचे पाणी ठेवले आहे, असे आपल्याला वाटले असेल. पण त्या माठाच्या पोटात दुसरे मडके आहे, दोहोंच्या मधे ओली वाळू आहे आणि आतल्या मडक्यात परवाच्या बाजारची मेथी आहे.

नायजेरियाच्या उत्तर भागात महंमद बाह अब्बा नावाचे एक शिक्षक होते. घराणे कुंभारकाम करणारे. मडकी कशी घडतात हे त्यांनी लहानपणीच पाहिलेले. तो मुलूख आपल्या मराठवाड्यासारखा कोरडा आणि तापणारा. खेड्यांत वीज नाही, तेव्हा फ्रीजची गोष्टच नको. भाजी दोनतीन दिवसांत सडे. म्हणून ती रोजच्या रोज विकावी लागे आणि टोपली डोक्यावर घेऊन दारोदार हिंडण्याचे काम घरातल्या मुलींकडे येई. त्या मुली अर्थातच शाळेत दिसत नसत.

अब्बा यांनी १९९५ च्या सुमारास हे मडक्यात मडके तयार केले. बेकार बसलेल्या कुंभारांना कामाला लावून त्यांनी पहिली पाच हजार जोडमडकी करवून घेतली आणि गावोगाव फुकट वाटली. लोकांना वाचता येत नव्हते, म्हणून एक छोटे नाटक बसवून त्याचे चित्रीकरण खेड्यांत दाखवले. त्यांच्या प्रयोगात वांगी तीन दिवसांऐवजी सत्तावीस दिवस टिकली. एका दिवसात माना टाकणारी पालेभाजी बारा दिवस खाण्यालायक राहिली. २००० साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ते वारले. पुरस्कारापेक्षा मला त्यांचा एक अनुभव मोठा वाटतो. भाजी घरात टिकू लागली, रोजची फेरी चुकली आणि काही मुली शाळेकडे वळल्या.

यातले शास्त्र आपल्या आजीलाही ठाऊक होते. माठाला ओले फडके गुंडाळायला तिला कोणी शिकवले नव्हते. भिश्ती भर उन्हात पखाल घेऊन चाले आणि तरी आतले पाणी गार असे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता शोषून घेते. किती? एक लिटर पाणी वाळून जाताना जेवढी उष्णता ओढून घेते, तेवढ्या उष्णतेत सात लिटर साधे पाणी उकळी येईपर्यंत तापवता येईल. एवढी उष्णता बाहेरचे मडके पाझरताना निघून जाते आणि त्याचे बिल येत नाही.

आता माझी फजिती सांगतो. पहिले जोडमडके मी शाळेच्या प्रदर्शनासाठी केले. दिसायला सुरेख असावे म्हणून बाहेरून ऑइलपेंटचे दोन हात दिले, वर वेलबुट्टीही काढून घेतली. बक्षीस मिळाले, पण आतले टोमॅटो चार दिवसांत गळले. रंगाने मडक्याची सगळी छिद्रे बुजली होती! नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हे पाझरतच नाही, तर गार कसे होणार?" विज्ञान मी शिकवीत होतो, प्रश्न तिने विचारला.

तेव्हा बाहेरचे मडके कच्च्या अंगाचे, बिनरंगाचे घ्यावे. दोन्हींच्या मधे चार बोटे जागा ठेवून धुतलेली वाळू भरावी. सकाळ-संध्याकाळ वाळूत पाणी घालावे, तोंडावर ओले गोणपाट टाकावे. आणि कोनाड्यात कोंडून न ठेवता सावलीत, वारा खेळेल अशा तिवईवर ठेवावे. आपल्याकडे बोअरचे पाणी खारे असते. त्याचा पांढरा थर मडक्यावर बसतो. तो मधून मधून काथ्याने घासून काढावा. वजूचे वाहून जाणारे पाणी भांड्यात धरले तर वाळूपुरते होते, नळ उघडावा लागत नाही.

ज्यांची भाजी टोपलीभर नसून गाडीभर असते, त्यांच्यासाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात हीच गोष्ट विटांची केली. विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटिमीटर फट, फटीत ओली वाळू. सिमेंटही लागत नाही.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. दूध आणि मटण यात ठेवू नये, तेवढी थंडी यात होत नाही. कांदे-बटाटे कोरड्यातच बरे. पावसाळ्यात हवा ओली झाली की हे मडके नुसते मडके राहते; कोकणातल्या पाहुण्यांनी माझ्या भरवशावर खर्च करू नये. आणि एका मडक्याने घर स्वावलंबी होत नाही, हे चिटणीससाहेबांनाही मी आधीच सांगितले आहे.

तरीही आज हाच विषय का घेतला? आपल्या वस्तीत भाजीच्या हातगाड्या पुष्कळ आहेत. मी वीस वर्षे हजेरीपत्रक भरले आहे. उन्हाळा लागला की बाजाराच्या आदल्या संध्याकाळी उरलेला माल पडत्या भावाने काढायची घाई होते आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक मुलींच्या नावापुढे गैरहजेरी लागते. बाप वाईट असतो म्हणून नव्हे. भाजी उद्यापर्यंत थांबत नाही म्हणून. मडके घेतले की मुलगी आपोआप शाळेत येईल, असे मी म्हणणार नाही. तिला पाठवायचे आपल्यालाच आहे. पण भाजी दोन दिवस थांबली, तर 'आज जाऊ नकोस' म्हणण्याचे एक कारण कमी होते.

आठवी-नववीच्या विद्यार्थिनींनी अशी बारा जोडमडकी तयार केली आहेत. ती बाहेरच्या व्हरांड्यात मांडली आहेत. ज्यांची गाडी आहे त्यांनी एकेक घेऊन जावे, पैसे नकोत. महिन्याने फक्त एवढे सांगावे की कोणती भाजी किती दिवस टिकली. मुली ते वहीत लिहून घेणार आहेत.

आता मी गोणपाट काढतो. पुढच्या रांगेतल्या भगिनींनी जरा वर यावे आणि मेथी हातात घेऊन पाहावी.