खोली करताना कोणते कागद द्यावेत?



दहावीचा निकाल लागला की भोकर तालुक्यातल्या गावागावांतून लेकरं बाहेर पडतात. कुणी नांदेडला श्यामनगर, भाग्यनगरच्या बाजूला खोली करतं, कुणी लातूरच्या ट्युशन एरियात. नीट नाहीतर जेईई, म्हणजे दोन वर्षांचा मुक्काम. सोबत आई किंवा आजी राहते, वडील गावाकडं शेती बघतात. क्लासची फी, मेस, डिपॉझिट यांचा हिशोब घरात आठ-आठ दिवस चालतो. घरमालकानं मागितलेले कागद मात्र आपण उभ्याउभ्या देऊन टाकतो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, कधी तर मुलाची मूळ गुणपत्रिकासुद्धा. खोली हातची जाईल या धास्तीनं ‘हे कशाला लागतं?’ असं कुणी विचारत नाही. वकिलीच्या कामात यातून झालेला त्रास मी पाहते, म्हणून आज त्याविषयी बोलते आहे.

घरमालकाची बाजू आधी समजून घेऊ. आपल्या घरात कोण राहतंय हे त्याला कळलंच पाहिजे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या, असे आदेश जिल्ह्याजिल्ह्यांत वेळोवेळी निघतात. तसा आदेश लागू असताना माहिती दडवली, तर मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तेव्हा नाव, गावचा पत्ता, फोटो, मोबाइल नंबर, ओळखीचा एक पुरावा आणि सोबत कोण राहणार, एवढं विनातक्रार द्यावं. तो मालक तुमच्यावर संशय घेत नसतो, स्वतःची जबाबदारी पार पाडत असतो.

दुसरा कागद भाडेकराराचा. अकरावीतलं लेकरू सोळा वर्षांचं असतं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाला करार करता येत नाही, म्हणून सही आई किंवा वडिलांचीच लागते. आपल्याकडं बॉण्ड पेपरवर नोटरी केली की काम झालं असं समजतात, आणि अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असंही सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पुढं वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे नोंदणीत मालकाचंही भलं आहे, हे त्याला गोडीनं सांगा. स्वाधार योजनेसारख्या मदतीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांनाही भाड्यानं राहत असल्याचा कागद लागतोच.

आता मुख्य काळजीकडं येते. करारावर सही वडिलांची, म्हणून आधारही वडिलांचं जातं. ज्या खात्यात पीएम किसानचा हप्ता येतो, अतिवृष्टीचं अनुदान येतं, त्याच खात्याला जोडलेलं हे आधार. आईचं दिलं, तर तिच्या लाडक्या बहिणीच्या पैशाचं खातं त्याला जोडलेलं. नुसत्या आधार नंबरवर खात्यातून पैसे निघत नाहीत, हे खरं आहे. त्यासाठी अंगठा लागतो. पण आपल्या करारावर बघा: फोटो, आधारचा पूर्ण नंबर आणि खाली शाईचा अंगठा, सगळं एकाच कागदावर! त्या कागदाच्या झेरॉक्स मालकाकडं, एजंटाकडं, टायपिंगवाल्याकडं राहतात.

कागदावरच्या अंगठ्याचं काय होऊ शकतं, ते आपल्या शेजारी घडलेलं आहे. २०१८ मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याला पकडलं. त्यानं नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून लोकांच्या जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्या लोकांच्या नावावर हजारो सिमकार्डं चालू केली. दस्त खरे होते, माणसं खरी होती, त्यांना पत्ता मात्र नव्हता.

म्हणून करारात आधारचा पूर्ण नंबर छापू देऊ नका, शेवटचे चार आकडे लिहायला सांगा. सही येत असेल तर बॉण्डवर सहीच करा. नोंदणीच्या वेळी यंत्रावर अंगठा द्यावा लागतो, तो द्यावा, आणि काम झालं की आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या वेबसाइटवरून किंवा आधारच्या ॲपवरून आपलं बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. लॉक असताना रेशनच्या मशीनवर किंवा ग्राहक सेवा केंद्रात अंगठा चालत नाही, त्या दिवशी तात्पुरतं उघडावं लागतं. महिन्याला थोडा खटाटोप होतो, तरी मी तो करायलाच सांगेन, विशेषतः ज्या आजीबाई अंगठ्यावरच पैसे काढतात त्यांच्यासाठी. लेकरं मोबाइलमध्ये हुशार असतात, त्यांच्याकडून करून घ्या.

ओळखीसाठी आधारच द्यायचं असेल तर मास्क्ड आधार द्या. यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून आधार डाउनलोड करताना तो पर्याय निवडता येतो. त्यावर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, फोटो आणि नाव दिसतं. २०२२ च्या मे महिन्यात यूआयडीएआयच्या एका कार्यालयानं, झेरॉक्स वाटत फिरू नका, मास्क्ड आधार द्या, असं पत्रक काढलं होतं. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल म्हणून केंद्र सरकारनं ते दोनच दिवसांत मागं घेतलं आणि नेहमीची सावधगिरी बाळगा एवढंच सांगितलं. मला त्या पत्रकातला सल्ला योग्य वाटतो. झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त भाड्याच्या खोलीसाठी’, खाली मालकाचं नाव, तारीख, सही. अक्षरं थोडी फोटोवर आणि मजकुरावर जाऊ द्या, म्हणजे ती प्रत दुसरीकडं चालवणं अवघड जातं.

झेरॉक्सच्या दुकानाकडं तर आपलं अजिबात लक्ष नसतं. प्रिंटसाठी आपण दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधारची पीडीएफ पाठवतो आणि निघून येतो. ती त्याच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. पासवर्ड आहे म्हणाल, तर तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल! प्रिंट निघाली की समोर उभं राहून फाइल डिलीट करून घ्या. भिडेखातर गप्प बसू नका.

काही गोष्टी मात्र कुणीही मागितल्या तरी देऊ नयेत. मूळ गुणपत्रिका आणि टीसी अडकवून ठेवायचा मालकाला काहीही अधिकार नाही. ऐन प्रवेशाच्या दिवशी ती मागायला जावं लागतं, तेव्हा मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं. बँकेचं स्टेटमेंट कशाला? भाडं येईल याची खात्री हवी असेल तर डिपॉझिट घेतलेलंच असतं. ओटीपी कधीच सांगू नका. आणि जात. आडनाव ऐकून ‘कोणत्या समाजाचे?’ असं विचारणारे घरमालक आहेत, जातीचा दाखला मागणारेही आहेत. शिकायला आलेल्या लेकराला दारातच हे विचारणं लाजिरवाणं आहे. दाखल्याची गरज कॉलेजला आणि शिष्यवृत्तीला असते, खोलीला नसते.

नाही म्हणताना आवाज चढवायची गरज नाही. ‘काका, पोलिसांना आणि नोंदणीला लागतं ते सगळं देतो, बाकीचं कशासाठी हवं ते सांगा,’ एवढं म्हणावं. बहुतेक मालक ऐकतात, कारण त्यांनाही यादी कुणीतरी दिलेली असते. खोली न बघता, नुसत्या मोबाइलवरच्या फोटोवरून कुणी ‘आधार पाठवा, टोकन टाका’ म्हणत असेल, तर काहीही पाठवू नका. भोकरहून नांदेडला रेल्वे आहे, एक दिवस मोडेल, पण जाऊन बघा.

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. तुमचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे नुकसान तुमच्यावर येत नाही. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. आधारच्या तक्रारीसाठी १९४७ हा नंबर आहे.

आणि दोन वर्षांनी खोली सोडाल, तेव्हा डिपॉझिटबरोबर कागदांच्या प्रतीही परत मागा. मोबाइलवर पाठवलेले फोटो मालकाकडून तुमच्यासमोरच पुसून घ्या. करारात सुरुवातीलाच तशी एक ओळ लिहून घेतली, तर शेवटी मागायला संकोच वाटत नाही.