पडद्यावरचा धडा आणि हातातले काम
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज मी शाळेतल्या अभ्यासाविषयी बोलणार नाही. शाळा सोडून नोकरीला लागलेल्यांच्या शिक्षणाविषयी बोलणार आहे. आपली मुले दहावी, बारावी किंवा आय.टी.आय. करून कारखान्यात, दुकानात, इस्पितळात कामाला लागतात; काही आखातात जातात. अनेक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात त्यांच्यापुढे संगणक किंवा मोबाईल ठेवला जातो आणि सांगितले जाते, "हे धडे पुरे करा, परीक्षा द्या, प्रमाणपत्र घ्या." यालाच ई-लर्निंग म्हणतात. सोय चांगली आहे. पण ती कशी तयार होते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी भेटावयास आला. त्याच्या उजव्या हातावर भाजल्याचा मोठा डाग होता. रसायनांच्या कारखान्यात आम्ल उडाले होते. मी विचारले, "सुरक्षिततेचे शिक्षण दिले नव्हते का?" तो म्हणाला, "दिले होते, सर. प्रमाणपत्रही आहे. धडा इंग्रजीत होता. मी पुढचे बटण दाबत गेलो, उत्तरे सोबत्याने सांगितली." आम्ल उडताच त्याने ते कापडाने पुसले आणि तो मुकादमाला शोधावयास धावला. नळ दहा पावलांवर होता! आम्ल अंगावर उडाल्यास ती जागा ताबडतोब वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धरावी, भिजलेले कपडे काढावेत, ही एवढीच गोष्ट त्याला कळावयास हवी होती.

दोष त्याचा नाही असे मी म्हणत नाही. पण धडा तयार करणाऱ्याचा दोष अधिक आहे. हे मी अधिकाराने सांगतो, कारण तीच चूक मी स्वतः केली आहे.

ही हकीकत ऐकून मी ठरविले की आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील परिचरांसाठी मोबाईलवर पाहता येईल असा धडा करावा. मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास शिकविणारा माणूस. म्हणून विज्ञानाच्या सरांकडून माहिती घेतली. त्यांनी मनापासून सारे काही सांगितले. मी ते सारे घातले. चाळीस मिनिटांचा धडा झाला! आठ दिवसांनी चौकशी केली, तर शेवटपर्यंत कोणीच पाहिला नव्हता. एक परिचर म्हणाले, "सर, दिवसभर शाळा, संध्याकाळी घरचे काम. पाहावयाचा केव्हा? आणि मोबाईलमधला डाटा मुलगा संपवितो." मला राग आला नाही, लाज वाटली.

मग आम्ही पुन्हा आरंभ केला. तज्ज्ञाला "तुम्हाला काय माहीत आहे?" असे न विचारता "या माणसाच्या हातून कोणती चूक झाली तर इजा होईल?" असे विचारले. उत्तरे तीनच आली : बाटलीवरील चिठ्ठी न वाचणे, आम्लात पाणी ओतणे, वास्तविक आम्ल पाण्यात हळूहळू घालावयाचे असते, आणि अंगावर उडाल्यास पाणी सोडून दुसरे उपाय शोधणे. प्रत्येकाचा चार-पाच मिनिटांचा वेगळा भाग केला. पुस्तकी मराठी टाकून आपण घरी बोलतो तशी भाषा घेतली. ज्यांना उर्दू सोयीची त्यांच्यासाठी उर्दूतही केला. चित्रे आपल्याच प्रयोगशाळेतली घेतली. शाळेच्या जोडणीवरून तो मोबाईलमध्ये आधीच उतरवून दिला आणि मुख्याध्यापकांनी शनिवारी कामाच्या वेळातच अर्धा तास मोकळा दिला. सर्वांना देण्यापूर्वी एका परिचराशेजारी बसून तो कोठे अडतो ते पाहिले. चार ठिकाणी अडला. चारही ठिकाणे बदलली.

परीक्षाही बदलली. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ साली प्रशिक्षण पारखण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामात त्याचे वागणे बदलले का, आणि शेवटी परिणाम काय झाला. प्रमाणपत्र फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत नेते. म्हणून आम्ही प्रश्नपत्रिका ठेवली नाही. प्रत्येकाला करून दाखवावयास सांगितले. तेव्हा एक गोष्ट उघडकीस आली : नळाशी जाण्याच्या वाटेत बाकांचा ढीग होता. तो त्याच दिवशी हलविला. उत्तम धडाही तो ढीग हलवू शकला नसता.

यंत्र एकटे पुरत नाही, हे आपल्या देशाने पूर्वीच अनुभवले आहे. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचविण्याचा 'साइट' हा प्रयोग झाला. त्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी दूरदर्शनला रेडिओ, छापील साहित्य आणि चर्चा यांची जोड दिली होती. २०२० साली 'निष्ठा' प्रशिक्षण 'दीक्षा'वर आले, तेव्हा आम्हा शिक्षकांनाही कळले की अडल्यावर विचारावयास माणूस असला की धडा डोक्यात शिरतो.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पगार विचारता, तसेच "आज काय शिकलास? करून दाखव," असेही विचारा. विद्यार्थी मित्रांनो, धडा समजला नाही तर वरिष्ठांना नम्रपणे सांगा : "साहेब, आमच्या भाषेत समजावून द्या." असे विचारण्यात कमीपणा नाही. आणि दुसऱ्याने सांगितलेल्या उत्तरावर उत्तीर्ण होऊ नका. तुमच्यापैकी काहीजण उद्या असे धडे तयार करणारे होतील. त्यांनी धडा वापरणाऱ्याशेजारी एकदा तरी बसावे, एवढीच माझी विनंती आहे.

माझा तो विद्यार्थी आता बरा आहे, कामावर रुजू झाला आहे. नव्या आलेल्या मुलांना तो प्रथम नळ कोठे आहे ते दाखवितो, असे त्याने मला सांगितले.