प्राप्तिकराचा परतावा

तासगांवच्या बाजारांत बेदाण्याचे सौदे सुरू झाले म्हणजे त्या तालुक्यांतील घरोघरच्या जमाखर्चाच्या वह्या उघडतात. छाटणी, औषधें, मजुरी, शीतगृहाचें भाडें असा वर्षभराचा खर्च वजा जातां जें कांहीं हातीं उरतें, तें सावध कुटुंब बँकेंत मुदतीच्या ठेवींत ठेवतें. शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त आहे. 1886 च्या कायद्यानें दिलेली ही सूट 1922 व 1961 च्या कायद्यांनीं कायम ठेवली आणि 2025 च्या कायद्यांतही ती आहे. परंतु बेदाण्याचा पैसा ठेवीच्या रूपानें बँकेंत गेला कीं त्याच्यावर मिळणारें व्याज हें शेतीचें उत्पन्न राहत नाहीं. तें ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास बँक त्यांतून दहा टक्के रक्कम आधींच कापून सरकारजमा करते. कराची ही मुळांतून होणारी कपात, म्हणजे नेहमींच्या बोलण्यांतील टी. डी. एस., आतां अनेक घरांच्या परिचयाची झाली आहे. कापलेली रक्कम परत मिळविण्याची वाट मात्र तितकी परिचयाची नाहीं, आणि त्या वाटेवर जो खोळंबा होतो त्याचीं कारणें तर फारच थोड्यांना ठाऊक असतात.

उदाहरणादाखल पंचावन्न वर्षांच्या एका विधवा बाईंचा हिशेब घ्यावा. बागेवांचून त्यांना दुसरें उत्पन्न नाहीं. बारा लक्ष रुपयांच्या ठेवीवर सात टक्के दरानें वर्षाला 84,000 रुपये व्याज येतें. साठ वर्षांखालील ठेवीदारासाठीं बँकेच्या व्याजाची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून 50,000 रुपये ठरली. व्याज तिच्यावर गेल्यामुळें 8,400 रुपये कापले गेले. वस्तुतः इतक्या उत्पन्नावर ह्या बाईंना एक पैसाही कर द्यावा लागत नाहीं. म्हणजे ते 8,400 रुपये सर्वस्वीं त्यांचे असून केवळ सरकारच्या तिजोरींत मुक्कामाला गेलेले आहेत. श्रीमंताच्या वहींत हा आंकडा दिसतही नाहीं. पण ज्या घरांत नातवाची शाळेची फी आणि बागेची पुढील फवारणी एकाच पेटींतून निघते, त्या घराला तो वर्षभर बोंचत राहतो. म्हणून पहिली गोष्ट ही ध्यानांत धरावी कीं, परतावा हा सरकारनें केलेला उपकार नाहीं. तें कुटुंबाचें येणें आहे, आणि येणें जसें सावकाराकडून मागावें तसें तें बिनसंकोच मागावें.

हा कर आपल्याकडे नवा नाहीं. 1857 च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठीं जेम्स विल्सन यांनीं 1860 सालीं तो प्रथम बसविला. तासगांवची जहागीर 1848 सालीं इंग्रजांनीं खालसा केली होती. त्यामुळें 1886 चा कायदा तेव्हां सातारा जिल्ह्यांत असलेल्या तासगांवीं लागू झाला, आणि सांगली संस्थानाची शीव लागली कीं त्याचा अंमल संपे. पुढें 1922 च्या कायद्यांत जादा भरलेला कर परत देण्याचें कलम होतें, 1961 च्या कायद्यांत तें अधिक विस्तारानें आलें, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्याच्या अंमलासाठीं 1 एप्रिल 2026 हा दिवस ठरला. कायदे बदलले, पण जास्त घेतलेलें परत द्यावें हें तत्त्व शंभर वर्षें अबाधित आहे. वाद आहे तो केव्हां द्यावें ह्याचा.

तासगांवकराला कचेरी ठाऊक आहे. 1942 च्या सप्टेंबरांत ज्या मामलेदार कचेरीवर लोकांचा मोर्चा गेला तिचें ठिकाण जुनीं माणसें बोटानें दाखवीत. परताव्याची कचेरी मात्र अशी दाखवितां येत नाहीं. 2009 सालापासून विवरणपत्रांची छाननी बंगळूर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रांत यंत्राच्या साहाय्यानें होते. तेथें साहेबापुढें उभें राहून अडचण सांगण्याची सोय नाहीं. तेथें तीन कागद एकमेकांशीं ताडून पाहिले जातात, एवढेंच. पहिला कागद बँकेचा: कोणाचे किती रुपये कापले ह्याचें पत्रक ती दर तिमाहीस पाठविते. त्यावरून खातेदाराच्या पॅन क्रमांकाखालीं 26 एएस नांवाच्या उताऱ्यांत जमा दिसूं लागते. हा उतारा दुसरा कागद. तिसरा कागद कुटुंबानें स्वतः भरलेलें विवरणपत्र. तिन्हींतील नांव, क्रमांक व रक्कम जुळली तर परतावा पुष्कळदां कांहीं आठवड्यांत खात्यावर येतो. एखादा आंकडा जरी चुकला तरी गाडी तेथेंच अडते.

अडण्याचीं ठिकाणें मोजकींच आहेत. बँकेनें पॅन क्रमांकांतील एक अक्षर चुकविलें, तर कापलेली रक्कम भलत्याच माणसाच्या नांवावर जमा होते. ठेव दोघांच्या नांवावर असेल तर कपात बहुधा पहिल्या नांवाखालीं जाते, आणि पैसा ज्याचा त्याच्या विवरणपत्राशीं ती जुळत नाहीं. पॅन व आधार एकमेकांस जोडले नसतील तर 1 जुलै 2023 पासून तें पॅन निष्क्रिय ठरतें, आणि तोंवर परतावाही नाहीं व त्या काळाचें व्याजही नाहीं. बँकेच्या खात्यावरचें नांव व पॅनवरचें नांव ह्यांत माहेर-सासरचा फरक असला, तर पैसा निघूनही दारावरून परत जातो. विवरणपत्र पाठविल्यावर तीस दिवसांच्या आंत त्याची पडताळणी करावी लागते. ती राहिली तर पत्र वेळेवर भरल्याचा लाभ हातचा जातो. निवृत्त शिक्षक किंवा कारकून यांच्या घरीं आणखी एक पेंच असतो. वेतनाची थकबाकी एकाच वर्षीं हातीं आल्यानें वाढलेल्या कराची सूट मागतांना 10 ई हा नमुना आधीं भरावा लागे. तो न भरतां सूट मागणाऱ्यांची मागणी 1961 च्या कायद्याखालीं नाकारली जात असे.

आतां सरकारच्या बाजूची कैफियतही ऐकावी. खोट्या वजावटी दाखवून परतावा उपटणारे लोक ह्या देशांत आहेत, आणि तसे ते इतर देशांतही आहेत. अमेरिकेंत ज्यांचे मुलगे-सुना स्थायिक झाले आहेत अशा मराठी घरांनीं तिकडचा नियम ऐकला असेल. तेथें अल्प उत्पन्नाच्या कष्टकऱ्यांना व मुलेंबाळें असलेल्या कुटुंबांना कांहीं सवलती परताव्याच्या रूपानें मिळतात. परंतु 2015 च्या एका कायद्यानें असें ठरविलें कीं, ह्या सवलती मागणाऱ्यांचा परतावा 15 फेब्रुवारीपूर्वीं देऊं नये. कारण मालकांकडून पगाराचीं पत्रकें 31 जानेवारीपर्यंत यावयाचीं असतात, आणि तीं ताडून पाहण्यास सवड हवी. विलंब तेथेंही आहे, आणि तो नेमका गरजू कुटुंबाच्याच वाट्याला येतो. पण त्याला तारीख आहे. वाट पाहणाऱ्या घराला दिवस मोजतां येतात, आणि उसनवारी करावयाची झाली तरी ती किती दिवसांची हें ठरवितां येतें.

आपल्याकडेही मुदत आहे, पण ती फार ऐसपैस आहे. ज्या आर्थिक वर्षांत विवरणपत्र भरलें तें वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांपर्यंत खात्याला प्राथमिक छाननी करण्यास अवधि असतो. जुलै 2024 मध्यें भरलेल्या पत्राची छाननी 31 डिसेंबर 2025 पर्यंत झाली तरी ती कायद्याप्रमाणें वेळेवरच झाली म्हणावयाची. म्हणजे सतरा महिने थांबणाऱ्या घराला तक्रार करण्यास आधार राहत नाहीं. ह्या काळाचें व्याज मिळतें हें खरें. वेळेवर पत्र भरणाऱ्याला तें करनिर्धारण वर्षाच्या 1 एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का दरानें ठरलें. परंतु करदात्याकडून सरकारला येणें असेल आणि तो चुकला, तर त्याच्यावर बसणारें व्याज महिन्याला एक टक्का होतें. वरील बाईंच्या 8,400 रुपयांवर सरकार महिन्याला 42 रुपये देईल. तेवढेच रुपये त्यांच्याकडून येणें असते तर 84 रुपये घेतलें असतें. शिवाय मिळालेलें व्याज पुन्हां करपात्र! एकाच वहींत देण्याचा दर एक आणि घेण्याचा त्याच्या दुप्पट, असा हिशेब गांवांतल्या सावकारानें ठेवला तर त्याला लोक काय म्हणतील, हें सांगावयास नको.

न्यायालयांनीं ह्या बाबतींत वेळोवेळीं कान टोंचले आहेत. पुण्याच्या सँडविक एशिया ह्या कंपनीचें येणें बारा ते सतरा वर्षें रखडलें. तें देतांना विलंबाची भरपाईही केली पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें 27 जानेवारी 2006 रोजीं दिला. पुढें 2013 सालीं त्याच न्यायालयानें, कायद्यांत सांगितलेल्या व्याजापलीकडे सरसकट मागणी करतां येणार नाहीं, असा खुलासा केला. मालकानें पगारांतून कर कापला पण तिजोरींत भरला नाहीं, तर तो कर नोकराकडून पुन्हां वसूल करतां येत नाहीं, हें मुंबई उच्च न्यायालयानें 2007 सालीं स्पष्ट केलें. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें 2013 सालीं एका हिशेबतपासनिसाच्या पत्राचीच याचिका करून घेतली, आणि जुन्या मागणीपोटीं परतावा वळता करण्यापूर्वीं करदात्याला सूचना देऊन त्याचें म्हणणें ऐकावें असें खात्याला बजावलें. अलीकडचें उदाहरण मुंबईचेंच आहे. अल्प उत्पन्नाच्या करदात्यांसाठीं असलेली 87 अ कलमाखालील सूट विशेष दराच्या उत्पन्नावर मागण्याची सोयच 5 जुलै 2024 पासून यंत्रांतील फेरफारानें बंद झाली होती. सूट द्यावी कीं न द्यावी हें अधिकारी ठरवितील, पण मागण्याचें दार यंत्रानें लावूं नये, अशा आशयाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें 24 जानेवारी 2025 रोजीं दिला.

सरकारनेंही कांहीं गांठी सोडविल्या. फेब्रुवारी 2024 च्या अंदाजपत्रकांत जुन्या, किरकोळ करमागण्या रद्द करण्याचें ठरलें: 2009–10 पर्यंतच्या वर्षांसाठीं 25,000 रुपयांपर्यंत व 2010–11 ते 2014–15 साठीं 10,000 रुपयांपर्यंत. ह्याच विसरलेल्या मागण्या अनेकांचा परतावा गिळीत असत. तसेंच फेब्रुवारी 2025 मध्यें लोकसभेपुढें आलेल्या नव्या विधेयकांत, मुदतीनंतर पत्र भरणाऱ्यास परतावा नाहीं असा अर्थ निघणारें कलम होतें. निवड समितीनें तें गाळण्याची शिफारस केली व तें गाळलें गेलें. लोकांनीं आपलें म्हणणें वेळेवर मांडलें तर तें ऐकलें जातें, ह्याचा हा दाखला आहे.

मग घरानें काय करावें? सर्वांत उत्तम उपाय म्हणजे अकारण कपातच होऊं न देणें. ज्यांच्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाहीं, त्यांनीं आर्थिक वर्षाच्या आरंभींच, एप्रिलमध्यें, बँकेला तसें प्रतिज्ञापत्र द्यावें. 1961 च्या कायद्याखालीं तें साठ वर्षांखालील व्यक्तींसाठीं 15 जी व वृद्धांसाठीं 15 एच ह्या नांवांनीं ओळखलें गेलें. सहकारी बँकाही 1 जून 2015 पासून सभासदांच्या मुदत ठेवींवर कपात करतात. तेव्हां बँक आपली, संचालक ओळखीचे, म्हणून स्वस्थ बसूं नये. कपात झालीच असेल तर जूनमध्यें 26 एएस चा उतारा काढून बँकेच्या दाखल्याशीं ताडावा, आणि चूक दिसल्यास पत्र भरण्यापूर्वींच बँकेकडून पत्रक दुरुस्त करून घ्यावें. एखादें वर्ष हातचें गेलें असेल तर तेंही सर्वस्वीं बुडालें असें नाहीं. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानें, करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पांच वर्षांच्या आंत, योग्य कारण दाखवून विलंबमाफीचा अर्ज करण्याची वाट दाखविली आहे.

हें काम बहुतेक घरांत कर्त्या पुरुषाच्या नाहीं तर शहरांत नोकरीस असलेल्या मुलाच्या गळ्यांत पडतें, आणि ज्या बाईच्या नांवावर ठेव आहे तिला आपले किती रुपये कोठें अडकले हें ठाऊकही नसतें. तें तिला सांगावें, उतारा तिच्यासमोर वाचावा, आणि तारखा तिच्या वहींत लिहाव्या. घरानें आपलें काम इतकें चोख केल्यावर मग राज्यानेंही एक न्याय पाळावा, असें म्हणण्याचा अधिकार त्याला पोंचतो: घेण्याचें आणि देण्याचें व्याज एकाच दरानें असावें. तो दर सारखा झाला म्हणजे विलंबाचा भार ज्याच्यामुळें विलंब होतो त्याच्यावर पडेल, आणि बंगळूरचीं यंत्रें तासगांवच्या 8,400 रुपयांसाठींही थोडीं लवकर फिरूं लागतील.