रविवारचा फुटबॉल



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘फुटबॉल’ असे सांगितले. त्यांना थोडे नवल वाटले. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसवर, महागाई भत्त्यावर, फार तर कंत्राटी पद्धतीवर बोलावे. चेंडूशी त्याचा काय संबंध? आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी झाले. त्या शिक्षणात हा संबंध आम्हाला दिसला, तो आज आपल्यापुढे मांडतो.

फुटबॉलला चेंडू लागतो, मैदान लागते. पण त्याच्याही आधी लागतो मोकळा वेळ. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी २ वाजता संपावे असे ठरले, आणि पुढे पुरुषांनाही ती सवलत मिळत गेली. शनिवारी दुपारी सामना खेळण्याची तिथली प्रथा या अर्ध्या सुट्टीतून वाढली. आज जगभर ज्यांचे नाव घेतात तो मँचेस्टर युनायटेड १८७८ साली रेल्वेच्या डबे-कारखान्यातील कामगारांनी काढला, आणि आर्सेनल १८८६ साली तोफांच्या कारखान्यातील कामगारांनी. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली आणि सहा वर्षे झगडून १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. रविवारी सकाळी मैदानावर उतरणाऱ्या पोराला लोखंड्यांचे नाव ठाऊक नसेल. पण तो खेळतो आहे तो त्यांनी मिळवून दिलेल्या वेळात.

आता हा खेळ आपल्या उपनगरांत कसा चालतो ते पाहू. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात दिव्यांच्या झगझगाटात होणारा सामना आपण दूरचित्रवाणीवर पाहता. आम्ही बोलतो आहोत तो त्याच्या कित्येक पायऱ्या खालचा फुटबॉल. शहराच्या लीगमध्ये वरच्या गटांखाली पहिली, दुसरी, तिसरी अशा पायऱ्या उतरत जातात. तिथला संघ म्हणजे एखाद्या चाळीचा, एखाद्या चर्चच्या वाडीचा, एखाद्या डोंगरावरच्या वस्तीचा. प्रवेश फी वर्गणीतून, जर्सी एखाद्या दुकानदाराच्या कृपेने, आणि बूट बहुधा मोठ्या भावाचे. मैदान मिळाले तर फुकट. नाही मिळाले तर टर्फ तासाच्या भाड्याने, आणि ते भाडे चौदा-पंधरा जणांत वाटून.

याची गोडी कशात आहे? खेळ नेहमीच उत्तम असतो असे आम्ही म्हणणार नाही. चेंडू पुष्कळदा आकाशात जातो, आणि पंचाच्या डोळ्यांविषयी शंका दर दहा मिनिटांनी निघते. परंतु इथे पाहणारा रेषेवर उभा असतो आणि खेळणाऱ्याला नावाने ओळखतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या घरचे नळ दुरुस्त करणारा माणूस रविवारी डाव्या बगलेवरून धावतो, आणि त्याला पाहायला त्याची म्हातारी आई आलेली असते. सोमवार ते शनिवार त्याला कोणी ‘ए’ म्हणून हाक मारतो; रविवारी दीड तास शंभर माणसे त्याचे नाव घेऊन ओरडतात. आपले नाव चारचौघांत घेतले जावे ही भूक भाकरीच्या भुकेइतकीच खरी आहे, हे युनियनच्या कामात आम्हाला पुरेपूर कळले आहे.

एके काळी या पायऱ्यांवरून वर जाण्याचा एक जिना होता, तो नोकरीचा. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया यांचे संघ होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे टाटांच्या संघाचे. १९५८ चा रोव्हर्स कप कॅलटेक्सने जिंकला. पायात कसब असलेल्या गरीब पोराचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर चढे. गुडघा गेला तरी टेबलाची नोकरी उरे. तो जिना एकेक पायरी करून निखळला. १८९१ पासून चालत आलेला रोव्हर्स कप या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० साली मोडण्यात आला. २००७ साली निघालेला मुंबई एफसी २०१७ नंतर उरला नाही. तेव्हा महामारी आली त्या वेळी खालचा खेळाडू आधीच उघड्यावर उभा होता.

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला, त्याच मध्यरात्री लोकल थांबली, आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. लीगचे सामने होते तिथे थांबले. वेळ मुबलक होता, पण त्या वेळेला सुट्टी म्हणता येईना. मजुरीसकट मिळाली तर ती सुट्टी. मजुरीवाचून मिळाली तर ती बेकारी. जूनमध्ये बाहेर पडून व्यायाम करण्यास परवानगी मिळाली, मात्र समूहाने खेळण्यास मनाई राहिली. एकट्याने धावता येते, एकट्याने फुटबॉल होत नाही. मुलुंडला रिचर्डसन अँड क्रुडासच्या आवारात, ज्या ठिकाणी एके काळी यंत्रे घडत, तिथे रोग्यांच्या खाटा लागल्या. त्या खाटांपाशी झाडू मारणाऱ्यांत आणि ऑक्सिजनचे सिलिंडर ओढणाऱ्यांत आमच्या ओळखीचे दोन बचावपटू होते. एका कंत्राटदाराने त्यांची मजुरी थकवली, म्हणून ते आमच्याकडे आले होते. खेळाची गोष्ट त्यांनी काढलीच नाही.

याच काळात मुंबई सिटीचा संघ गोव्यात बंद दरवाजांआड खेळत होता. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या रिकाम्या मैदानावर त्याने इंडियन सुपर लीग जिंकली. आम्हालाही आनंद झाला. पण त्याच दिवसांत सामान्य प्रवाशाला लोकल मिळे ती सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. बोरिवलीचा मुलगा दुपारी कूपरेजला गेला असता आणि तिथे ४ वाजून गेले असते, तर त्याला रात्री ९ च्या आधी परतीची गाडी नव्हती. वरच्या खेळाला प्रेक्षकांवाचून चालले, कारण दूरचित्रवाणी पैसे देत होती. खालच्या खेळाचे सारे भांडवल रेषेवर उभी राहणारी माणसे. तीच घरात कोंडली गेली.

हे दुःख आपल्या एकट्याचे नव्हते. २६ मार्च २०२० रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने खालच्या कित्येक लीगांचे निकाल पुसून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. जर्सी बुल्स या संघाने २७ पैकी २७ सामने जिंकले होते, तेही गेले.

आता कोणी विचारील, माणसे मरत होती तेव्हा फुटबॉलचे रडगाणे कशाला? प्रश्न रास्त आहे. प्राणापुढे चेंडू काहीच नाही, आणि मैदाने बंद ठेवली हे योग्यच केले. पण घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीत आम्ही जे पाहिले तेही सांगितले पाहिजे. शिधा कुणाकडे पोचवायचा, कुणाच्या घरात म्हातारे एकटे आहेत, कुणाला खाट हवी आहे, ही माहिती सर्वांआधी मिळाली ती तिथल्या संघाच्या पोरांकडून. दर रविवारी अकरा जण जमवण्यासाठी ते घरोघर हाका मारीत. कुठल्या घरात कोण, हे त्यांना पाठ होते. जुळलेला संघ म्हणजे वस्तीची तयार संघटना, आणि ती संकटाच्या दिवशी घाईने उभारता येत नाही. आधीच्या शंभर रविवारांत ती घडलेली असावी लागते.

महामारी गेली. सामने पुन्हा सुरू झाले, पण काही पोरे परत आली नाहीत. कोणी गावी राहिला; कोणी मोटारसायकलवरून घरोघर डबे पोचवतो, आणि रविवार हा त्याचा सर्वांत धावपळीचा दिवस. लोखंड्यांनी मिळवलेली सुट्टी अशी मागच्या दाराने परत चालली आहे. आमच्या मते खालच्या फुटबॉलवरचे हे संकट महामारीहून मोठे आहे.

म्हणून आपल्यापाशी तीन गोष्टी मागतो. एक, मुलुंडच्या टी, घाटकोपरच्या एन, बोरिवलीच्या आर मध्य आणि अंधेरीच्या के विभागांच्या कचेऱ्यांत जा, विकास आराखडा २०३४ पाहा, आपल्या भागात खेळाच्या मैदानासाठी राखलेली जागा कोणती ते शोधा, आणि तिथे आज काय उभे आहे ते डोळ्यांनी पाहून या. दोन, प्रत्येक संघाने वर्गणीतला थोडा भाग आजार-निधी म्हणून बाजूला ठेवावा. रविवारी पाय मोडलेल्या रोजंदारीवरच्या पोराची सोमवारची चूल त्यातून पेटेल. तीन, घरपोच माल नेणाऱ्या पोरांना आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळावी, या मागणीमागे आपण उभे राहावे.

आणि येत्या रविवारी सकाळी जवळच्या मैदानाच्या रेषेवर अर्धा तास उभे राहा. तिकीट नाही. खेळणाऱ्यांपैकी एखाद्याचे नाव विचारून घ्या, आणि त्याच्या पायाशी चेंडू आला की मोठ्याने हाक मारा.