रोग गेला, पुढें काय?

गर्भाशयाच्या किंवा बीजकोशाच्या कर्करोगांतून बरी होऊन स्त्री घरीं परतली, कीं संकट टळलें असें घरच्या मंडळींस वाटतें. परंतु शस्त्रक्रियेंत दोन्ही बीजकोश काढले गेले, अथवा किरणोपचारानें निकामी झाले, तर त्यांतून स्रवणारें इस्ट्रोजेन एकाएकीं आटतें. निसर्ग जी रजोनिवृत्ति पन्नाशीच्या सुमारास हळूहळू आणतो, ती ऐन तारुण्यांतील स्त्रीवरही थोड्या दिवसांत कोसळते. अंगाची आग होते, दरदरून घाम सुटतो, झोंप उडते, पतिसहवास क्लेशदायक होतो. पुढें हाडें ठिसूळ होतात व हृदयविकाराचा संभवही वाढतो.

हें उणें झालेलें हॉर्मोन औषधरूपानें कां देऊं नये? या प्रश्नाभोंवतीं मोठी भीति आहे. इ. स. २००२ मध्यें अमेरिकेंतील एक मोठा प्रयोग मध्येंच थांबवावा लागला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या होत्या. मात्र त्या स्त्रिया ५० ते ७९ वर्षांच्या होत्या. अकालीं बीजकोश गमावलेल्या स्त्रीचा न्याय त्यांवरून करतां येत नाहीं.

मूळ रोग उलटेल काय, ही दुसरी शंका. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आरंभींच सांपडलेल्या १,२३६ अमेरिकन स्त्रियांपैकीं निम्म्यांना इस्ट्रोजेन व निम्म्यांना औषधगुण नसलेली गोळी दिली गेली. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा २.३ व १.९ होतें. हा प्रयोग अपुरा राहिल्यानें तो अखेरचा शब्द नव्हे. तथापि भीतीला त्यानें दुजोरा दिला नाहीं. बीजकोशाचा कर्करोग झालेल्या १५० युरोपीय स्त्रियांवरील प्रयोगांत, २०१५ च्या वृत्तान्ताप्रमाणें, हॉर्मोन घेणाऱ्यांचें आयुर्मान उलट अधिक दिसलें.

तरी सर्वांना एकच नियम लागू नाहीं. गर्भाशयाच्या मुखाचा नेहमींचा कर्करोग हॉर्मोनवर पोसत नाहीं. तेथें औषध देतां येतें, मात्र गर्भाशय शाबूत असल्यास जोडीला प्रोजेस्टेरोनही लागतें. उलट इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कांहीं गांठींत तें वर्ज्यच; अशा वेळीं हॉर्मोनरहित औषधांचा आधार घेतात.

म्हणून गांठ कोणत्या जातीची होती, गर्भाशय राहिलें आहे काय, हे प्रश्न प्रत्येक स्त्रीनें आपल्या डॉक्टरांस निःसंकोचपणें विचारावेत. जीव वांचला एवढ्यावर उरलेलें सर्व मुकाट्यानें सोसावें, असा तिच्यावर कोणताही दंडक नाहीं.