बंद घरांची कुलुपे
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कोकणातील आपली बंद घरे, हा विषय मजकडे सोपवून कार्यकारी मंडळाने मला थोडे अडचणीतच टाकले आहे. या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार मला नाही; चूक कबूल करण्याचा मात्र आहे, आणि त्या अधिकारानेच मी येथे उभा आहे.

मुंबईच्या गिरण्यांनी, गोदीने आणि कचेऱ्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना बोलावून घेतले, तेव्हापासून आपल्या गावांतील दारे एकामागून एक बंद होत आली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. जाणेयेणे सोपे झाले, परंतु माणसे परतली नाहीत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती. ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. सबंध राज्याची लोकसंख्या वाढत असता रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्या दशकात घटले.

लोक म्हणतात, घरे पैशावाचून पडतात. माझा अनुभव निराळा आहे. आमचे राजापूर तालुक्यातील घर जांभ्या चिऱ्याचे, चौपाखी, मंगलोरी कौलांचे. पणजोबांनी बांधलेल्या त्या घराचे आज सतरा हिस्सेदार आहेत. गावी राहणारे काका दरवर्षी वैशाखात कौले परतून घेत. एके वर्षी त्यांनी आम्हा सर्वांस पत्र लिहिले की, पश्चिमेकडील पाख्याचे वासे वाळवीने पोखरले आहेत, तरी प्रत्येकाने आठ हजार रुपये पाठवावे. पाच जणांनी पाठविले. मी उलट विचारले, ‘माझा हिस्सा कागदावर कोठे आहे, ते आधी कळवावे.’ हे उत्तर त्या वेळी मला मोठे चातुर्याचे वाटले. पुढच्या आषाढात ते पाखे पडवीसह खाली आले. मातीत बांधलेल्या भिंतीत पाणी मुरले आणि देवघराची बाजू खचली. काकांनी भर पावसात देव उचलून ओटीवर आणले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते वारल्यावर त्यांची वही माझ्या हाती आली. तीत सतरा नावे होती, आणि माझ्या नावापुढची जागा कोरी होती.

सतरा मालक असलेल्या घराला छपरावर माणूस चढविणारा मालक एकही नसतो. आपले खरे दुखणे हे आहे. यावर मला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट कागदांची. अनेकांचे सात-बारा अजून आजोबांच्याच नावे आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसाने हक्क प्राप्त झाल्याची खबर तीन महिन्यांत द्यावयाची असते. आपण तीस वर्षे देत नाही. घर गावठाणात असेल, तर केवळ घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम चालले आहे. मोजणीच्या वेळी बंद घराच्या वतीने बोलणारे कोणी तरी हजर असले पाहिजे. आणि वारसांची यादी करताना बहिणींना वगळू नका. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला. दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. बहिणीला अंधारात ठेवून केलेला कागद उद्या कोर्टात टिकणार नाही, आणि माहेरही टिकणार नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. सर्व हिस्सेदारांनी मिळून एकास रीतसर मुखत्यारपत्र द्यावे, घराचे स्वतंत्र बँक खाते उघडावे, दरसाल ठराविक वर्गणी भरावी आणि वर्षातून एकदा हिशेब मांडावा. ज्यांना हे ओझे नको असेल, त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून आपला हिस्सा आपल्यांतच सोडावा. त्यात कमीपणा नाही. हिस्सा धरून ठेवून कौल मात्र न बदलणे, हा खरा कमीपणा.

तिसरी गोष्ट भीतीची. ‘कोणास राहावयास दिले तर कूळ लागेल’, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांची आठवण त्यामागे आहे. परंतु तो कायदा कसणाऱ्याच्या शेतजमिनीचा. घर ठराविक मुदतीसाठी वापरावयास देण्यास लिव्ह अँड लायसन्सचा लेखी, नोंदणीकृत करार वकिलाच्या सल्ल्याने करता येतो. गावच्या शाळेतील शिक्षक, आरोग्य केंद्रातील परिचारिका, यांना भाड्याची जागा मिळत नाही, आणि शेजारी आपली दहा-दहा खोल्यांची घरे घुशी-वाळवीच्या ताब्यात असतात! राहत्या घराचे छप्पर गळले, तर ते त्याच रात्री कळते; बंद घराचे गणपतीला गेल्यावर कळते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. येत्या गणेश चतुर्थीस आपण सारे गावी जमाल. एका संध्याकाळी आरती आटोपल्यावर, पत्त्यांचा डाव मांडण्यापूर्वी, सर्व भावा-बहिणींनी एकत्र बसून घराचे कागद मध्ये ठेवावे आणि मुखत्यार कोण, हे त्याच बैठकीत ठरवावे. जे येऊ शकणार नाहीत, त्यांना दूरध्वनीवरून सामील करून घ्यावे.

आमच्या घराची पश्चिमेची बाजू गेल्या वर्षी पुन्हा उभी राहिली. काकांनी मागितले होते त्याच्या चौपट खर्च आला. काकांच्या वहीतील ती कोरी जागा मी भरली. परंतु ती पाहावयास काका उरले नाहीत. आपणांपैकी कोणाच्या काकांचे पत्र अनुत्तरित पडले असेल, तर त्याचे उत्तर आज घरी जाताच द्यावे, असे मी हात जोडून सांगतो आणि आपली रजा घेतो.