लग्न लागलं की खेळ संपला

माझी भाची चाकणच्या एका कारखान्यात आहे. पहिली पाळी करून कंपनीच्या बसने निगडीला येते, जेवते आणि मोबाईलवर ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळत बसते. शेती करायची, गुरं पाळायची, जमलं तर गावातल्या कुणाशी लग्न करायचं. स्थळं बारा : सहा मुलगे, सहा मुली. खेळणारी बाई असो की पुरुष, सगळी खुली!

हा खेळ २०१६ चा. त्याचा पूर्वज जपानी ‘हार्वेस्ट मून’, १९९६ चा. त्यात शेतकरी मुलगाच, आणि उपवर मुली पाच. पुढे ‘बॅक टू नेचर’ हा त्याच मालिकेतला खेळ मुलींसाठी वेगळा काढला, २००० साली. पण गंमत बघा, त्यात मुलीचं लग्न लागलं की खेळच संपायचा. मुलग्याचा संसार मात्र पुढे चालू! २००३ च्या आवृत्तीत मुलींनाही लग्नानंतर खेळता येऊ लागलं.

परवा भाचीला बघायला आलेल्यांनी विचारलं, “लग्नानंतर नोकरी सोडणार ना?” ते गेल्यावर तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. “मावशी, ही बघ. लग्न झालंय, तरी सकाळी सहाला शेतात. कधी कधी नवराच पिकाला पाणी घालून ठेवतो.”

त्या मंडळींना आम्ही अजून काही कळवलेलं नाही.